जाधवबाईंची गाडी आणि माझं इंग्रजी

तारा आणि ईशान, मागच्या महिन्यात तुम्ही मेलबर्नहून फोन केलात तेव्हा ताराला शाळेसाठी आजीच्या कामाबद्दल पाच ओळी लिहायच्या होत्या. तिने विचारलं, "आजी, तू गॅरेजमध्ये नेमकं काय करायचीस?" मी तोंड उघडायच्या आत मागून तुमच्या आईचा आवाज आला, "अगं, आजी काउंटरवर बसायची." झालं. ताराने तेवढंच लिहून घेतलं असणार. माझ्या एकवीस वर्षांच्या कामाचं तुमच्या आईने, म्हणजे माझ्याच मुलीने, एका क्रियापदात काम तमाम केलं.

त्याच आठवड्यात इथल्या दिवाळी अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, "मॅडम, गॅरेजमधले अनुभव लिहून द्या." मी लगेच हो म्हटलं. नुसतं पत्र पाठवलं असतं तर तुम्ही ते 'नंतर वाचू' म्हणून ठेवून दिलं असतं. छापून आलेलं वाचाल, अशी आशा आहे. मराठी जड वाटलं तर आईकडून वाचून घ्या. मात्र ती तिला गैरसोयीच्या ओळी गाळते, तेवढं लक्ष ठेवा.

आमचं गॅरेज जालना रोडच्या मागच्या गल्लीत होतं. ते तुमच्या आजोबांनी आणि रशीदभाई मिस्त्रींनी मिळून काढलं. पुढे आजोबांचे गुडघे इतके बिघडले की ते एकदा गाडीखाली बघायला वाकले की त्यांना सरळ करायला दोन माणसं लागत. मग ते घरी बसले आणि मी 'एका आठवड्यासाठी' काउंटरवर गेले. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली बाई. मला पान्याचे आकडे कळत नव्हते, पण पसारा कळत होता. पहिल्या चार दिवसांत मी सगळ्या खणांना चिठ्ठ्या लावल्या, नट-बोल्ट आकाराप्रमाणे बरण्यांत भरले आणि प्रत्येक गाडीसाठी एक कार्ड सुरू केलं. त्यात गाडीचा नंबर, मालकाचं नाव, तक्रार, काय केलं आणि कुणी केलं, एवढं लिहायचं.

रशीदभाई पाचव्या दिवशी सकाळी आले, सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाले, "भाभी, गॅरेज है के दवाखाना? अब मेरेकू हाथ धो के अंदर आना पडेंगा."

"धुतलेत तर बरंच होईल," मी म्हटलं. तिथून आमचं जमलं ते जमलं.

तर तारा, मी नेमकं काय करायचे, ते आता लिहून घे. मी लोकांचं ऐकून घ्यायचे. गाडी घेऊन आलेला माणूस कधीच सांगत नाही की अमुक भाग खराब झालाय. तो आवाज काढून दाखवतो. आमच्या काउंटरसमोर उभं राहून मोठ्या मोठ्या माणसांनी काय काय आवाज काढले आहेत, ते ऐकलं असतंस तर तू गॅरेज सोडून गेली नसतीस. दोन मजली घरं बांधणारे एक ठेकेदार होते, आवाज भारदस्त, अंगठ्या चार. ते डोळे मिटून "कुईं... कुईं..." करत. एक वकीलसाहेब टेबलावर टिचक्या मारून ठेका धरत. मी कार्डावर लिहायचे, 'गतिरोधकावर खट्, वळताना कुईं, क्लच सोडताना धप्.' आणि हळूहळू मला कळायला लागलं की खट् म्हणजे काय आणि धप् म्हणजे काय.

औरंगपुऱ्यातले एक सराफ तर तीनदा आले. गाडीच्या मागच्या बाजूने 'टण्' असा आवाज येतो, पण फक्त चढावर. रशीदभाईंनी मागची चाकं काढली, शॉकअप तपासले, सगळं ठीक. तिसऱ्या वेळी मी डिकीतलं स्टेपनीचं चाक उचलायला सांगितलं. त्याच्याखाली पितळी बत्ता. खलबत्ता पॉलिश करून आणला होता, खल घरात गेला आणि बत्ता गाडीतच राहिला. सराफ ओशाळले. "घरी आठ महिने खल नुसता बसून आहे हो," ते म्हणाले. मी कार्डावर 'काय केलं' या रकान्यात लिहिलं, 'बत्ता काढला.' ईशान, तू हसशील, पण त्या कामाचं समाधान इंजिन उतरवण्याइतकंच होतं.

आता मुख्य गोष्ट सांगते. ती माझ्या चुकीची आहे, म्हणून जरा धीराने सांगावी लागेल. आणि ती कळायला थोडं गाडीच्या पोटात डोकवावं लागेल.

गाडीचं इंजिन गाडीला घट्ट ठोकून बसवलेलं नसतं. इंजिन सुरू झालं की ते आपल्या आपणच थरथरतं. ते पत्र्याला थेट जोडलं तर आत बसलेल्या माणसाचे दात वाजतील. म्हणून ते तीन ठिकाणी जाड रबराच्या गादीवर टेकवलेलं असतं. त्या गादीला माउंटिंग म्हणतात. तशाच छोट्या रबरी गाद्या चाकांना धरणाऱ्या लोखंडी दांड्यांच्या टोकाला असतात, त्यांना बुश म्हणतात. आणि चाकांवर उभे असतात ते शॉकअप, खड्ड्याचा दणका पिऊन टाकणारे. गाडी नवी असताना हे सगळं मऊ असतं. आमच्याकडच्या उन्हात आणि इंजिनाच्या उष्णतेत वर्षानुवर्षं भाजून निघालं की कुकरची जुनी रिंग कशी होते, तसं ते होतं. कडक, भेगाळलेलं, निरुपयोगी. मग इंजिनाचा थरथराट आणि रस्त्याचा दणका, दोन्ही थेट माणसापर्यंत पोचतात.

जून सुरू झाला होता, शाळा उघडायला आठवडा होता. जाधवबाई त्यांची सोळा वर्षांची पांढरी गाडी घेऊन आल्या. गाडी कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही, कारण पुढे जे झालं त्यात कंपनीचा काही दोष नव्हता. जाधवबाई राहायला फुलंब्रीला आणि इथल्या एका शाळेत दहावीला गणित शिकवायला. रोज स्वतः गाडी चालवत जाऊन येऊन. वय छप्पन्न. त्या गाडीतून उतरल्या ते दाराला धरून, आधी एक पाय, मग थांबून श्वास, मग दुसरा पाय. कमरेला पट्टा.

मी खुर्ची पुढे केली. त्या म्हणाल्या, "नको, बसलं की उठायचं टेन्शन येतं. उभ्यानंच सांगते." आणि त्यांनी आवाज काढून दाखवला नाही. गणिताच्या बाई त्या. क्रमाने सांगितलं. "एक, सिग्नलला थांबलं की गिअरचा दांडा आणि सीट दोन्ही थरथरतात. दोन, खड्ड्यात पुढून खट् होतं. तीन, ते सगळं माझ्या मणक्यात जातं. डॉक्टर म्हणतात, गाडी सुधारा नाहीतर नोकरी सोडा."

"किती वर्षं राहिली नोकरीची?"

"दोन. पोरगा म्हणतो, आत्ताच स्वेच्छानिवृत्ती घे. फॉर्म भरून ठेवलाय त्यानं, नुसती सही राहिलीय. लई काळजी करतो माझी." मग म्हणाल्या, "मला काढायचं असेल तर वयानं काढावं हो. पाठीनं काय म्हणून?"

"एसटीने जाऊन बघितलंत?"

"बघितलं. निम्म्या वेळा उभं राहावं लागतं. बसायला मिळालं तर चाकावरची सीट. तिच्यापेक्षा ही गाडी बरी."

मी नव्या गाडीचं विचारलं नाही. घरातल्यांनी ज्या बाईला घरी बसवायचं ठरवलंय, तिला नवी गाडी कोण घेऊन देणार?

रशीदभाई गाडीखाली गेले, दहा मिनिटांनी वर आले. "तीनो माउंटिंग खतम. आगे के बुश खतम. शॉकअप में तेलच नै. सब एक साथ बदलना, एक बदला तो दूसरा उसका बोझा उठा के मरता. कंपनी का नरम माल डालेंगे, बाई आराम से जाती."

इथे मी मध्ये पडले.

मे महिन्यात एका विक्रेत्याने मला एक गुळगुळीत इंग्रजी माहितीपत्रक दिलं होतं. रबराऐवजी एका टणक, पिवळ्या रंगाच्या मालाच्या माउंटिंगांचं आणि बुशांचं. सोबत कडक शॉकअप. माहितीपत्रकाचं इंग्रजी फारच छान होतं. तुमच्यासारखं तुटक नाही. ते वाचून माझी खात्री पटली की जगातल्या सगळ्या समजूतदार लोकांनी रबर सोडून दिलंय. गाडी घट्ट राहते, वळणावर झुकत नाही, भाग वर्षानुवर्षं टिकतात. मी रशीदभाईंना ते वाक्यावाक्याने वाचून, मराठीत सांगून, एक नमुना त्यांच्या हातात ठेवला.

त्यांनी तो अंगठ्याने दाबला. नख रोवून बघितलं. टेबलावर आपटून कानाजवळ नेला. मग म्हणाले, "भाभी, ये गाडी के वास्ते अच्छा है. बाई के वास्ते नक्को."

"अहो, नवीन तंत्र आहे. अपग्रेड म्हणतात याला."

"हौ, हो सकता. मगर मेरा अंगूठा ना बोलता."

ताराबाई, मला सांग, एका बाजूला आर्ट पेपरवर छापलेलं इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला एका माणसाचा अंगठा. तू कुणाचं ऐकलं असतंस? मी जाधवबाईंना माहितीपत्रक दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोन ओळी वाचल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही ठरवा." मी ठरवलं. कार्डावर माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'अपग्रेड.' रशीदभाईंनी "आपकी मर्जी" म्हटलं आणि दोन दिवसांत सगळं बसवून दिलं, नेहमीसारखं नीटनेटकं.

चाचणी मीच घेतली. गाडी रस्त्याला अशी चिकटून धावली की मला वीस वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटलं. खट् गेलं, वळणावर झुकणं गेलं. मी छावणीपर्यंत जाऊन आले, रस्ता नुकताच डांबरलेला. आणि एक गोष्ट मी विसरले. माझी उंची कमी म्हणून मी कुठल्याही गाडीत बसताना माझी जाड उशी सोबत नेते. त्या दिवशीही नेली होती. गाडीचा सगळा थरथराट त्या उशीने खाल्ला आणि मी खाली उतरून बाईंना छातीठोकपणे सांगितलं, "बघा, लोण्यासारखी झालीय."

बाई पहिल्या दिवशी शाळेत गेल्या. दुसऱ्या दिवशीही गेल्या. चौथ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, गाडी घेऊन त्यांचा मुलगा अमोल आला. शेती बघतो, सरळ आणि तापट. गाडी बंद न करताच तो खाली उतरला आणि दार उघडं टाकून म्हणाला, "मावशी, काय बसवलं हो तुम्ही हिच्यात? गाडी हाय का कडबाकुट्टी? बसा, बसून बघा."

मी उशीशिवाय बसले. सीट, पायाखालचं मॅट, आरसा, माझी हनुवटी, सगळं गुणगुणत होतं. मी मान्य करते, मला पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यासारखं वाटलं.

"आई दोन दिवस झाले, झोपूनच हाय," अमोल म्हणाला. "कूस बदलता येत नाय तिला. सोमवारी मी फॉर्म देऊन टाकतो. बास झालं." मग तो रशीदभाईंकडे वळला. "मिस्त्री, तुमच्या हाताला लई नाव हाय म्हणून आलो होतो. असलं काम असतंय व्हय?"

रशीदभाई कापडाला हात पुसत उभे राहिले. काही बोलले नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाही.

मी कार्डांचा गठ्ठा पुढे ओढला.

मुलांनो, तुम्हांला लहानपणी मी शिकवलं की चूक झाली की लगेच सांगावं. तुम्ही सांगत आलात, तुमच्या आईपेक्षा जास्त. त्या दिवशी मात्र तुमची आजी कार्डाच्या गठ्ठ्याचे कोपरे सरळ करत राहिली. शेवटी रशीदभाईच म्हणाले, "बेटा, गाडी छोड के जाव. इतवार कू लेके आते हम खुद." अमोल किल्ली टेबलावर ठेवून गेला.

तो गेल्यावर मी ते माहितीपत्रक पुन्हा काढलं. शेवटच्या पानावर, सगळ्यांत खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की हे भाग शर्यतीच्या गाड्यांसाठी उत्तम, आणि रोजच्या वापरात आतला थरथराट वाढू शकतो. आयुष्यभर मी सगळ्यांना बजावत आले, सही करण्याआधी बारीक अक्षरं वाचा. विम्याची, बँकेची, तुमच्या बाबांच्या नोकरीच्या पत्राचीसुद्धा. ही मात्र मी वाचली नव्हती. मोठी अक्षरं फार सुंदर होती ना.

शुक्रवार, शनिवार रशीदभाईंनी सगळा पिवळा माल काढून टाकला. मऊ रबराची माउंटिंगं आणि बुश इथे मिळाले, साधे शॉकअपही मिळाले. गिअरबॉक्सकडचं एक माउंटिंग शहरात कुठेच नव्हतं, ते जालन्याहून एसटीच्या कंडक्टरकडून मागवावं लागलं. ते शनिवारी दुपारी आलं. आणि संध्याकाळी रशीदभाईंनी माझी शिक्षा सुरू केली.

त्यांचा एक नियम होता. रबराचा बुश बसवताना बोल्ट नुसता हाताने लावायचा. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना तो शेवटचा कधीही आवळायचा नाही. तसा आवळला तर गाडी जमिनीवर येताच रबर पिळलं जातं आणि पिळलेलं रबर लवकर फाटतं, त्याआधी गाडीला कडक करतं. म्हणून गॅरेजमध्ये गाडीखाली उभं राहायला खणलेल्या खड्ड्यावर गाडी चाकांवर उभी करायची, आत माणूस बसलेला असतो तेवढं वजन ठेवायचं, आणि मग खाली खड्ड्यात उभं राहून आवळायचं. माउंटिंगचंही तसंच. बोल्ट सैल ठेवून इंजिन सुरू करायचं. इंजिनाला थोडं हलू द्यायचं, ते आपली जागा आपण शोधतं. मग बंद करून थोडं आवळायचं, पुन्हा सुरू करायचं. हे सगळीकडे करत नाहीत. वेळ लागतो.

"भाभी, तुम अंदर बैठो. बाई के जगह पे. उशी नक्को," खड्ड्यातून आवाज आला.

"रशीदभाई, माझं वजन बाईंपेक्षा जास्त आहे."

"मालूम है. थोडा ज्यादा चलता."

'मालूम है' म्हणायची काही गरज नव्हती. पण मी शिक्षा भोगणारी होते, आत जाऊन बसले. खिडक्या उघड्या ठेवून, हात स्टिअरिंगवर ठेवून मी तासभर त्या सीटवर होते. ते सांगत, मी गाडी सुरू करत असे. ते विचारत, मी हाताला काय लागतं ते सांगत असे.

"अब?"

"आहे अजून. डाव्या हाताला जास्त."

"बंद करो... चालू... अब?"

"कमी झालं. सीटला मात्र आहे."

"बंद करो."

असं किती वेळा झालं कोण जाणे. मध्ये एकदा गाडी बंद असताना, समोर त्यांचा चेहरा दिसत नव्हता म्हणून असेल, मी विचारलं, "काल अमोल तुम्हाला बोलला, तेव्हा तुम्ही गप्प का राहिलात? सांगायचं होतं, भाभींनी सांगितलं म्हणून बसवलं."

पान्याचा आवाज थांबला. "मैं समझा तुम बोलने वाले हैं," रशीदभाई म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच तसं वाटलं होतं. मग पुन्हा पाना फिरायला लागला. "चालू करो."

मी चालू केली.

रविवारी सकाळी आम्ही दोघं गाडी घेऊन फुलंब्रीला गेलो. जाधवबाई पुढच्या खोलीत कॉटवर आडव्या होत्या, पायाखाली दोन उशा. अमोल चहा सांगायला आत जायला निघाला तेव्हा मी म्हटलं, "थांब, तुझ्यासमोरच बोलायचंय. मिस्त्रींनी मऊ रबर घालायला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. माहितीपत्रकावरची मोठी अक्षरं वाचली, खालची बारीक वाचली नाहीत. आणि चाचणी घेतली ती उशीवर बसून. बाईंचं दुखणं माझ्यामुळे वाढलंय. त्यात मिस्त्रींचा काही दोष नाही, आणि शुक्रवारी हे मी तुला सांगायला हवं होतं."

अमोल रशीदभाईंकडे बघून कसनुसा झाला. "चाचा, मी लई बोललो त्या दिवशी."

"जाने दे, बेटा," रशीदभाई म्हणाले. "मेरेकू मेरी बेगम इससे ज्यादा बोलती."

जाधवबाई मात्र माझ्याकडेच बघत होत्या, चष्म्याच्या वरून. बोर्डावर चुकीचं उत्तर लिहिलेल्या मुलाकडे त्या तसंच बघत असणार. "प्रश्न पूर्ण न वाचता उत्तर सोडवलंत," त्या म्हणाल्या. "किती मार्क द्यायचे तुम्हाला?"

"शून्य."

"शून्य नाही देत मी कुणाला. पायऱ्या मांडल्या असतील तर एक-दोन देते. पण उशी?" त्यांना हसू आलं आणि हसल्यामुळे पाठीत कळ आली. "अगं आई गं. उशी घेऊन बसलात?"

त्या एकदा बसून बघतील का, हे विचारायचा मला धीर होत नव्हता. त्यांनीच अमोलला हाक मारून उठवायला सांगितलं. उठायला बराच वेळ लागला. गाडी मी चालवली, बाई शेजारी, अमोल आणि रशीदभाई मागे. गावातून बाहेर, सिल्लोड रस्त्याने थोडं पुढे आणि परत. प्रत्येक गतिरोधकाला मी गाडी इतकी हळू घेतली की मागच्या ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न वाजवला.

"अहो, चालवा की नीट," बाई म्हणाल्या. "मी काय काचेचं झुंबर आहे? रोज जशी जाते तशी न्या, नाहीतर काय कळणार?"

मी तशी नेली. एका खड्ड्यात चाक गेलं. मी दचकून त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा हात दारावरच्या मुठीला घट्ट होता. चेहऱ्यावरून काही कळेना. सिग्नल नव्हता, म्हणून मी मुद्दाम रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून इंजिन चालू ठेवलं. बाईंनी गिअरच्या दांड्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तो उचलला नाही.

"कसं वाटतंय?" मागून अमोलने विचारलं.

"आत्ता काय सांगू? माझं दुखणं उधारीवर येतं. आज गाडीत बसलं की उद्या सकाळी पाठ बोलते." घरी परत आल्यावर त्यांनी अमोलकडून तो फॉर्म मागून घेतला. पेन मागितलं आणि कॉटवर बसूनच सही केली. अमोलला वाटलं, ठरलं. मला वाटलं, माझ्या उशीने एका बाईची नोकरी घेतली. पण बाईंनी फॉर्म घडी करून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला.

"उद्या मी एकटी गाडी घेऊन शाळेत जाणार," त्या म्हणाल्या. "गेटवर उतरले की कळेल मला. उतरता आलं नीट तर वर्गात जाईन. नाहीतर डावीकडं ऑफिस आहे, तिथं हा देऊन येईन. पण देईन मी. माझ्या हातानं."

"आई, मी येतो की सोबत."

"तू नको. तू आलास तर मी मुद्दाम ताठ चालेन."

परतताना आम्ही एसटीत उभं राहून आलो.

सोमवारी सकाळी मी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी काउंटरवर होते. रशीदभाई माझ्याही आधी आलेले. एका जीपच्या खाली पाय दिसत होते. त्या जीपचं काम शनिवारीच झालं होतं, ते मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. मी बरण्यांतले नट-बोल्ट पुन्हा आकाराप्रमाणे लावायला घेतले, ते आधीच लावलेले होते. साडेदहा वाजले. शाळा साडेदहाची. पावणेअकरा झाले. फोन वाजला तो एका गिऱ्हाइकाचा, मी त्याला इतक्या घाईने वाटेला लावलं की तो पुन्हा आला नाही.

अकराला पाच मिनिटं असताना पुन्हा फोन वाजला.

"मॅडम, जाधव बोलतेय," मागे पोरांचा प्रचंड गोंगाट, घंटा. "मिस्त्रींना सांगा, उजव्या बाजूचा आरसा ढिला राहिलाय. मागचं काही दिसत नाही, नुसतं आभाळ दिसतं. शनिवारी गाडी घेऊन येते, करून द्या."

"बाई, पाठ कशी आहे?"

"प्रार्थना झाली हो, पहिला तास आहे माझा, दहावी ब. एवढा वेळ कशाला बोलू? ए, खाली बस! तुम्हाला नाही हो. ठेवते."

मी फोन ठेवला. जीपखालचे पाय हलायचे थांबले होते.

"जाधवबाईंचा फोन होता," मी मोठ्याने म्हटलं. "वर्गातून. म्हणतात, तुम्ही आरसा ढिला ठेवलाय."

रशीदभाई जीपखालून बाहेर आले. एकवीस वर्षांत त्यांच्या कामात कुणी एवढीशी खोट काढली तर ते दोन दिवस जेवत नसत. त्यांनी टोपी सारखी केली, भिंतीला टेकून बसले आणि दोन्ही हात तोंडावरून फिरवले.

"सिरफ आरसा?" ते म्हणाले. "अल्हमदुलिल्लाह."